दिवसाला किती कप चहा-कॉफी? तुमचे अनुभव लिहा

सातपूर एमआयडीसीत रात्रपाळी करतो. दीडला कटिंग, तीनला कटिंग, पहाटे साडेपाचला फुल. सकाळी घरी आल्यावर अंग मोडून आलेलं असायचं, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही. मार्चमध्ये एकदा छाती इतकी धडधडली की बायकोने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "चहा किती?" मी म्हणालो, चार-पाच. बायको म्हणाली, अकरा. ती मोजत होती.

चहा-कॉफीत झोप उडवणारं कॅफीन असतं, आणि शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण ५ तास लागतात, हे तेव्हा कळलं. म्हणजे साडेपाचचा फुल चहा मी अंथरुणात घेऊन जात होतो. आता तीन कप, शेवटचा दोनच्या आत. तुमचंही लिहा, लाजू नका.

निफाडहून: दादा, आमच्याकडे पारा ४-५ वर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र जागावी लागते. उपाशीपोटी किटलीभर कोरा चहा व्हायचा. पित्ताची सवयच झाली होती, तिचं काही वाटेना. पण एका सकाळी घड विरळताना कात्री हातात थरथरली आणि चांगले मणी कापले गेले. बाईमाणसं बघत राहिली. त्या दिवसापासून किटलीसोबत भाकरी नेतो, मध्यरात्रीनंतर नुसतं गरम पाणी.

गंगापूर रोड, अभ्यासिका: मी दोन एनर्जी ड्रिंक आणि तीन कॉफ्या घ्यायचो. २५० मिलीच्या कॅनमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात, पण माझं त्याच्या आतच बिनसलं. विनाकारण भीती वाटायची, वाचलेलं पान परत वाचावं लागायचं. घरी वाटलं परीक्षेचं टेन्शन. अजून पूर्ण सुटलेलं नाही. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आहे, आजच बंद करू का?

पंचवटीतून: माझं जरा वेगळं. हिमोग्लोबिन वाढेना, आणि लोहाची गोळी मी रोज सकाळच्या चहासोबत घेत होते! यात दोष कॅफीनपेक्षा चहातल्या टॅनिनचा, ते लोह अंगी लागू देत नाही. आता गोळी लिंबूपाण्यासोबत, चहा दोन तासांनी. घरातल्या बायकांना आवर्जून सांगा.

धागाकर्ता: ताई, हे माहीतच नव्हतं, आज घरी सांगतो. अभ्यासिकेतल्या भावा, एकदम तोडू नकोस. मी तोडलं तेव्हा दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली, आठवडा गेला. दर चार दिवसांनी एक कमी कर. आधी संध्याकाळचा कॅन.