सांगली-मिरजेत पुरुषांसाठी दाढीची आणि त्वचेची दर्जेदार प्रसाधने कोठे घ्यावीत?

प्रश्न – विश्रामबागकर

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. नोकरीमुळे मला रोज दाढी करावी लागते. दाढी केल्यावर गळ्यावर बारीक पुरळ उठते आणि दिवसभर आग होत राहते; उन्हाळ्यात तर दुपारपर्यंत चेहरा तेलकट होऊन मुरूमही येतात. घराजवळच्या किराणा दुकानात जाहिरातींत दिसणारा एखादा फेसवॉश आणि एखादा फोम एवढेच मिळते, आणि त्यातले आपल्याला काय मानवेल हे सांगणारे तेथे कोणी नसते. ऑनलाइन मागवलेल्या एका क्रीमचे सील उघडलेले निघाले, तेव्हापासून तो मार्गही नकोसा झाला आहे. वस्तू हातात घेऊन तिच्यावरचा मजकूर वाचता येईल, दुकानदाराला दोन प्रश्न विचारता येतील आणि पक्के बिल मिळेल, अशी ठिकाणे सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये कोणती आहेत? पुण्याला जाऊन खरेदी करावी असे काही मित्र सांगतात, परंतु संपत आलेल्या ट्यूबसाठी दर वेळी पुणे गाठणे शक्य नाही.

उत्तर – औषधविक्रेता, मिरज

एकाच दुकानाचे नाव सांगून आपले काम होणार नाही, कारण चेहऱ्याला लावायच्या वस्तू आणि दाढीचे साहित्य यांच्या चांगल्या जागा आपल्याकडे वेगवेगळ्या आहेत. मी पहिल्या गोष्टीविषयी लिहितो.

फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांसाठी मिरजेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांना लागून असलेली मेडिकल दुकाने पाहावीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इतर रुग्णालये यांमुळे मिरजेत उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. तज्ज्ञ जे वारंवार लिहून देतात ते या दुकानांत सतत खपते, त्यामुळे माल फार काळ पडून राहत नाही, आणि काउंटरवरच्या फार्मासिस्टला घटकांची माहिती असते. सेटाफिलसारखे सौम्य क्लीन्झर (चेहरा धुण्याचे द्रावण) किंवा औषध कंपन्यांचे सनस्क्रीन येथे सहज मिळते. त्यांवर ‘पुरुषांसाठी’ असे लिहिलेले नसते, म्हणून अनेक जण ते टाळतात. पण तसे लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या फेसवॉशमध्ये बहुतेक वेळा सुगंध आणि वेष्टनाचा रंग यांपलीकडे फारसा फरक नसतो. आपली त्वचा तेलकट असेल तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड (मुरुमांवर वापरला जाणारा घटक) असलेला फेसवॉश आणि जेल स्वरूपातील, तेलविरहित मॉइश्चरायझर मागावे.

लोकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. औषधे विकण्यासाठी परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधने विकण्यासाठी दुकानदाराला तसा परवाना लागत नाही. परवाना लागतो तो उत्पादकाला, आणि परदेशी मालाची नोंदणी करावी लागते ती आयातदाराला. म्हणूनच दुकान कितीही चकचकीत असले तरी खात्री वेष्टनावरूनच करायची असते. भारतात तयार झालेल्या वस्तूवर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत असली पाहिजे. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असला पाहिजे. ‘इम्पोर्टेड’ म्हणून दुप्पट भावाने विकल्या जाणाऱ्या डब्यावर आयातदाराचे नावच नसेल, तर तो परत ठेवावा. नवीन वस्तू आणल्यावर ती आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून एक-दोन दिवस पाहावे आणि मगच चेहऱ्याला लावावी.

उत्तर – सलून व्यावसायिक, सांगली

वरील उत्तर चेहऱ्याच्या क्रीमपुरते योग्य आहे, पण आपल्या गळ्यावरचे पुरळ फेसवॉश बदलून जाईल असे मला वाटत नाही. ज्यांचे केस राठ आणि कुरळे असतात त्यांची दाढी फार खोलवर कापली गेली, तर केसाचे टोक वळून पुन्हा कातडीत शिरते आणि तेथे फोड येतो. तीन-चार पात्यांचे कार्ट्रिज (रेझरला बसवायचा पात्यांचा संच) केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापते, आणि गळ्याची कातडी ताणून खालून वर वस्तरा फिरवण्याची सवय असेल तर हा त्रास अधिकच वाढतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्या गिऱ्हाइकांनी एका पात्याचा रेझर धरला आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने दाढी करायला सुरुवात केली, त्यांतील बहुतेकांचे गळे बरे झाले.

हे साहित्य घ्यायला सुपरमार्केटमध्ये जाऊ नये. मारुती रोड, हरभट रोड आणि गणपती पेठ या भागात सौंदर्यप्रसाधनांचे आणि सलूनच्या साहित्याचे ठोक व्यापारी आहेत. आम्ही सलूनवाले त्यांच्याकडूनच माल घेतो आणि किरकोळ गिऱ्हाइकालाही ते बहुधा नाही म्हणत नाहीत. दुहेरी धारेची ब्लेड, ब्रश, तुरटीचा गुळगुळीत ठोकळा, ट्यूबमधले शेव्हिंग क्रीम, हे सर्व तेथे एका ठिकाणी मिळते. सकाळी लवकर गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. दुपारनंतर खेडोपाड्यांतील दुकानदारांची गर्दी होते. ब्लेडच्या पाकिटावरची छपाई पुसट किंवा वेष्टन सैल वाटले तर ते घेऊ नये, कारण खपणाऱ्या ब्लेडच्या नकला बाजारात येतात.

माझे मत विचाराल तर पैसे फोमच्या डब्यावर घालवण्याऐवजी ब्रशवर घालावेत. साध्या क्रीमची ट्यूब शंभर रुपयांच्या आत येते आणि ब्रशने फेस केला की केस उचलले जातात व मऊ होतात. आपल्याकडे बोअरचे पाणी असेल तर मात्र फेस नीट धरत नाही; दाढीपुरते नळाचे किंवा फिल्टरचे कोमट पाणी घ्यावे. दाढीनंतर आग होत असेल तर अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह बंद करावा. तुरटी बारीक कापल्यावरचे रक्त थांबवते, पण ती त्वचा कोरडी करते, म्हणून ओली तुरटी हलकेच फिरवून चेहरा धुवावा आणि वर मॉइश्चरायझर लावावे.

दराबाबत एक माहिती उपयोगी पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्ह यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. फेसवॉश आणि चेहऱ्याच्या क्रीमचा त्यात समावेश नाही. जुन्या छापील किमतीचा माल समोर आला तर बिलात किती कर लावला आहे हे अवश्य पाहावे.

उत्तर – द्राक्ष बागायतदार, तासगाव

मी दाढी राखतो, त्यामुळे ब्लेडविषयी मला फारसे सांगता येणार नाही. दाढीचे तेल आणि बाम यांचे चांगले प्रकार मला तासगावात मिळाले नाहीत आणि सांगलीतही निवड कमीच वाटली. ते मी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवतो. ऑनलाइनचा मार्ग आपण पूर्ण सोडू नये, फक्त विक्रेता कोण आहे ते पाहावे.

सनस्क्रीनबद्दल मात्र आग्रहाने लिहितो. बागेत दिवसभर उभे राहणारे आम्ही शेतकरी आणि दुचाकीवरून वसुलीला फिरणारी मुले यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, आणि हेच लोक ‘ते बायकांचे असते’ म्हणून ते घेत नाहीत. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा) ३० असलेले सनस्क्रीन उन्हातील, चेहरा काळवंडवणाऱ्या आणि भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्यापेक्षा भरपूर प्रमाणात आणि दर दोन तासांनी लावणे महत्त्वाचे आहे. घाम येणाऱ्यांनी पाण्याने न धुतले जाणारे, जेलचे मागावे. मला ते मिरजेच्या मेडिकल दुकानातच मिळाले.

विश्रामबागकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आणखी एक शंका आहे. मुरुमांचे डाग जाऊन रंग उजळेल असे सांगून एका दुकानदाराने मला एक छोटी ट्यूब दिली आहे. तिच्यावर औषधासारखी लाल पट्टी आहे. ती लावावी का?

औषधविक्रेता, मिरज

कृपया लावू नये. लाल पट्टी म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम वाढतात आणि क्रीम बंद करताच चेहरा लाल होऊन जळजळतो. अशा प्रकारे चेहरा बिघडवून आलेली तरुण मुले आमच्या काउंटरवर नेहमी येतात, आणि त्यांना पाहून फार वाईट वाटते. लेबल नसलेल्या, सुट्या डबीतल्या गोरेपणाच्या क्रीमपासून तर त्याहूनही दूर राहावे. अशा काही क्रीममध्ये पारा आढळतो आणि पाऱ्यामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ती ट्यूब आणि बिल जपून ठेवावे. चिठ्ठीशिवाय ती विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली येथील कार्यालयात करता येते. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही सांगता येते. डागांसाठी शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात एकदा दाखवून घ्या, आणि आपण ट्यूब लावायला सुरुवात केली असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.