मदत हवी आहे: जॅक रसेल मादी दोनदा रिकामी राहिली, नर आणि दिवस कसा ठरवायचा?

तांबूसकान:
मादी अडीच वर्षांची, उंची २७ सेंमी, वजन साडेपाच किलो. मागच्या दोन्ही हीटमध्ये (माजात) रक्त दिसल्यापासून ११व्या आणि १३व्या दिवशी मेटिंग केलं. मेटिंगनंतर नर-मादी व्यवस्थित एकमेकांत अडकले होते, पण २८व्या दिवशी सोनोग्राफीत काहीच नाही. डीएनए चाचणीत ती पीएलएलची (डोळ्यातलं भिंग निसटण्याचा आजार) कॅरिअर (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतःला आजार क्वचितच) निघाली आहे.

समोर दोन नर आहेत. पहिला शोमधला, देखणा, छातीचा घेर ४६ सेंमी, चाचण्या काहीच नाहीत. दुसरा बिळात शिरून शिकारीचं काम करणाऱ्या घराण्यातला, घेर ४१, पीएलएल क्लिअर (सदोष प्रत एकही नाही), पण डोकं जरा अरुंद. पिल्लं घरात राहतील, एखादं शोला आणि एखादं कामाला जावं अशी इच्छा आहे.

बिळाकडे_नाक:
आधी दिवसाचं बघू, कारण घोळ बहुधा तिथेच आहे. ११-१३ हा सरासरी कुत्रीचा हिशोब. काहींची बीजं ७-८व्या दिवशीच सुटतात, काहींची विसाव्यानंतर. सुटलेलं बीज लगेच फळत नाही, पिकायला आणखी दोन दिवस लागतात आणि पिकल्यावर ते दोन-तीन दिवसच टिकतं. मादीने शेपूट बाजूला केली म्हणजे दिवस बरोबर, हा समज सोडा. काही माद्या आठवडाभर उभ्या राहतात.

रक्त दिसल्यापासून ५व्या-६व्या दिवशी पहिली प्रोजेस्टेरॉन (बीज सुटायच्या सुमारास रक्तात वाढणारं संप्रेरक) चाचणी, मग दर दोन-तीन दिवसांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. आकडा २ नॅनोग्रॅमच्या आसपास आला की रोज किंवा दिवसाआड. ५च्या आसपास बीजं सुटतात, तिथून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग. रिपोर्टवरचं एकक मात्र बघा: नॅनोमोलमध्ये असेल तर तोच ५ सुमारे १६ दिसतो आणि लोक घाईने तारीख चुकवतात.

मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला (एक जंतुसंसर्ग) चाचणी हवीच. गर्भ आतच जिरण्याचं, पडण्याचं ते एक कारण आहे, आणि हा आजार माणसालाही होतो. नराचं वीर्यही तपासून घ्या. दोन्ही वेळा नर एकच असेल तर दोष मादीच्या माथी मारू नका.

आता नर. माझं मत सरळ दुसऱ्याला. कॅरिअर गुणिले क्लिअर म्हणजे सरासरी निम्मी पिल्लं कॅरिअर, निम्मी क्लिअर, दोन्ही प्रती सदोष असलेलं एकही नाही. पहिला कॅरिअर निघाला तर प्रत्येक पिल्लामागे आजाराची शक्यता २५ टक्के, आणि तोच आजारी असेल तर ५०. भिंग साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात निसटतं, म्हणजे तोवर त्या पिल्लाची पुढची पिढीही झालेली असते.

मऊदाढी:
वरच्याशी सहमत. भर एवढीच की पीएलएल क्लिअर म्हणजे सगळं क्लिअर नव्हे. या जातीत अटॅक्सियाच्या (चालताना तोल जाण्याचा आजार) दोन वेगळ्या डीएनए चाचण्या आहेत, दोन्ही करून घ्या. गुडघ्याची वाटी हाताने तपासून घ्या. अंगावर पांढरं जास्त असेल तर बेअर (बीएईआर, प्रत्येक कान वेगळा यंत्राने तपासणारी) श्रवणचाचणी करा. एका कानाने बहिरा कुत्रा घरात कुणाच्याच लक्षात येत नाही.

छातीबद्दल: एफसीआयच्या (श्वानजातींची आंतरराष्ट्रीय संघटना) मानकात घेर ४० ते ४३ सेंमी आहे, तेव्हा ४६ शोलाही जास्तच. पण नुसती टेप लावू नका. मागून कोपरांच्या पाठीमागे दोन्ही हातांची कवळ घाला, अंगठे वर आणि बोटं खाली जुळली पाहिजेत, आणि हलक्या दाबाने फासळ्या आत जायला हव्यात. पिंपासारखी छाती बिळात अडकते. अरुंद डोक्याची काळजी कमी करा, दात कात्रीसारखे जुळतात का ते आधी बघा.

तांबूसकान:
दोन्ही वेळा नर एकच होता! वीर्यतपासणी सुचलीच नव्हती. गाभण राहिली तर कॅल्शियम कधीपासून?

बिळाकडे_नाक:
गाभणपणी अजिबात नको. बाहेरून कॅल्शियम मिळालं की हाडांतलं काढून वापरायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि विल्यावर दूध जोरात सुरू झालं की रक्तातलं एकदम घसरतं. छोट्या मादीला पिल्लं जास्त असतील तर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात धाप, अस्वस्थपणा, ताठ चाल, थरथर दिसते. तशी दिसली तर पिल्लं बाजूला करून लगेच डॉक्टर, ते कॅल्शियम शिरेतून देतात. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य थोडं-थोडं, वारंवार द्या, तेवढं पुरतं.

बीजं सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा इकडे-तिकडे. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून ठेवा, म्हणजे एखादं आत राहिलं का ते कळेल. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोरात कळा देऊनही काही आलं नाही, तर वाट बघत बसू नका.

मऊदाढी:
आणि गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका, पचत नाही. आधी हळूहळू ऊब, मग दूध. पहिला आठवडा पेटीत ३० ते ३२ अंश, पण एक कोपरा थंड ठेवा. रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करा. पहिल्या दिवसानंतर वजन वाढलं नाही तर त्याच दिवशी दाखवा.