किचनची फक्त शटर्स बदलावीत की सगळंच काढून नवीन करावं?

ओलीभिंत:
मंडळी, सल्ला हवाय. किचनची खालची-वरची कपाटं जुनी झालीयेत, शटर्सचा, म्हणजे दारांचा, सनमायका कोपऱ्यांतून सुटायला लागलाय, दोन-तीन दारं लोंबून एकमेकांवर घासतायत आणि सिंकखालचं कपाट उघडलं की कुबट वास येतो. एक सुतार येऊन गेले, एकही दार न उघडता म्हणाले "ताई, सगळं काढून टाका". दुसरे म्हणतात आतले बॉक्स तसेच ठेवू, शटर, बिजागऱ्या, हँडल्स बदलू, दिसायला नवीनच दिसेल. नवऱ्याचं तिसरंच, आहे त्यावरच रंग मारू. मला कुणाचंच धड पटत नाहीये. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे, पण स्वस्तात करून परत सगळं उचकटायची वेळ आली तर दुहेरी भुर्दंड. वर ग्रॅनाइट आहे. नक्की काय बघून ठरवायचं?

रंधापटाशी:
शटरकडे बघूच नका हो, ते कसंही असलं तरी बदलता येतं. बघायचा तो आतला बॉक्स, म्हणजे कारकस.

सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा, टॉर्च घ्या आणि पाइपसाठी पाडलेलं भोक बघा. तिथे सहसा कोणी पट्टी लावत नाही त्यामुळे बोर्डाची कच्ची कड दिसते. एकावर एक थर दिसले तर प्लाय, भुसा दाबून बसवल्यासारखं दाणेदार दिसलं तर पार्टिकल बोर्ड, आणि एकसारखं पिठासारखं बारीक दिसलं तर एमडीएफ. साधा पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाणी पिऊन एकदा फुगले की वाळल्यावरही पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत, त्यावर काहीही चिकटवलं तरी पैसे पाण्यातच. चांगला वॉटरप्रूफ प्लाय असेल तर थोडी ओल सोसतो, पण त्याचेही थर सुटलेत का ते कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर विषय संपला.

मग प्रत्येक बॉक्सच्या बिजागरीचा एक-एक स्क्रू काढून परत लावायचा. घट्ट बसला तर उत्तम. नुसताच गोल फिरत राहिला आणि भोकातून भुगा पडला तर तिथली पकड गेली. एखाद-दुसऱ्या ठिकाणी असं असेल तर घाबरू नका, भोकात गोंद लावून लाकडी खुंटी ठोकतात आणि त्यात नवीन स्क्रू धरतो. सगळीकडेच तसं असेल तर मात्र तुमचे पहिले सुतार बरोबर, न बघता बोलले असले तरी.

आणि लोंबणारी दारं म्हणजे कपाट गेलं असं नसतं. आतून लपलेली बिजागरी असेल तर तिला वर-खाली, डावं-उजवं, आत-बाहेर करायचे स्क्रू असतात, आधी ते फिरवून बघा.

टेपमेजर:
वरचं सगळं बरोबर पण एक प्रश्न राहिला. तुम्हाला किचनचा राग कशाचा येतो? दिसण्याचा की वापरण्याचा? खालच्या कप्प्यात मागचं भांडं काढायला रोज गुडघ्यावर बसावं लागत असेल, कोपऱ्यातलं कपाट नुसतं अंधारकोठडी असेल, ओटा तुमच्या उंचीला कमी पडत असेल, तर नवीन शटर लावून काय होणार, चकचकीत दाराआड तीच कटकट. मांडणी बदलायची असेल तर नवीनच करा. मांडणी ठीक असेल आणि फक्त कप्प्यांच्या जागी ड्रॉवर हवे असतील तर ते जुन्या बॉक्समध्येही बसतात, पण चॅनेलवर, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांवर, भांड्यांचं वजन येतं, म्हणून बाजूच्या फळ्या ठणठणीत हव्यात.

बॉक्सची तिरकी मापं पण घ्या, म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि उलट. दोन्ही जवळपास सारखी आली पाहिजेत. जास्त फरक असेल तर बॉक्स काटकोनात राहिलेला नाही, नवीन शटर्सच्या फटी एकसारख्या येणार नाहीत आणि सुतार तुम्हाला "बिजागरीत ऍडजस्ट होईल" म्हणत राहील.

निमूट:
मी उलट बाजूने बोलतो. नवीन म्हणजे चांगलंच हे डोक्यातून काढा. जुन्या बऱ्याच किचनमध्ये जाड, खणखणीत प्लाय असतो आणि नवीन रेडीमेड किचनच्या कोटेशनमध्ये बारीक अक्षरात पार्टिकल बोर्ड लिहिलेला असतो. लोक शटरचा रंग निवडण्यात सगळी संध्याकाळ घालवतात, बॉक्स कशाचा आहे ते विचारतच नाहीत. कोटेशनमध्ये कारकस, शटर आणि मागची फळी, तिन्हींचं मटेरियल आणि जाडी वेगवेगळी लिहून घ्या, मग तुलना करा.

रंगाबद्दल: सनमायका गुळगुळीत असतो, रंग थेट धरत नाही. नीट घासून, तेलकटपणा काढून, त्यासाठीचा प्रायमर मारून मग रंग दिला तर टिकतो, पण हँडलजवळ आणि कडांवर टवके उडतातच. आणि तुमचा सनमायका सुटायला लागलाय, म्हणजे रंग सुटत्या पापुद्र्यावर बसणार. मिस्टरांना सांगा ती हौस दुसऱ्या भिंतीवर भागवा 😀

ओलीभिंत:
सगळं रिकामं करून बघितलं, सासूबाई म्हणाल्या घर बदलतोय का आपण. तर बॉक्स प्लायचेच निघाले, थर स्पष्ट दिसतात आणि स्क्रू घट्ट बसले. फक्त सिंकखालचा बॉक्स वेगळा आहे, दाणेदार, तळाची फळी मागच्या बाजूला पावासारखी फुगलीये आणि बोट दाबलं की भुगा येतो. बहुतेक मागच्या मालकांनी तेवढाच नंतर घातला असावा. मांडणीची तक्रार नाही, ड्रॉवर हवेत तेवढेच. तिरकी मापं जवळपास सारखी. आता?

रंधापटाशी:
मग उत्तर तुमच्या हातात आलं. सिंकचा तेवढा बॉक्स नवीन, बाकीच्यांना शटर. पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सिंकचं तोंड आणि खालचा पाइप जिथे जुळतो तिथे कोरडा टिश्यू गुंडाळा, सिंक भरा आणि एकदम सोडा, टिश्यू ओला झाला तर गळती तिथे. तो कोरडा राहिला तर सिंकच्या काठाचं सिलिकॉन तपासा, ओट्यावरचं पाणी तिथून हळूच आत झिरपतं. हे न करता नवा बॉक्स बसवलात तर तोही जाणार.

ग्रॅनाइट कशावर टेकलंय ते बघून घ्या. खाली भिंती किंवा कडप्प्याचे उभे आधार असतील तर बॉक्स सहज सरकवून निघतो. दगड थेट बॉक्सवरच असेल तर आधी टेकू लावल्याशिवाय हात लावू देऊ नका. सिंकसाठी कापलेल्या जागी पुढे-मागे दगडाची जेमतेम पट्टी उरलेली असते, तडा जातो तो तिथेच. नवा बॉक्स वॉटरप्रूफ प्लायचा किंवा पीव्हीसी बोर्डाचा करा आणि पाइपच्या भोकाची कच्ची कड सील करून घ्या.

शटर्स नवीनच घ्या, जुन्यावर दुसरा सनमायका चढवू नका. सुटत्या थरावर चिकटवलेलं सुटतं, वर जाडी आणि वजन दोन्ही वाढतं.

टेपमेजर:
शेगडीच्या जवळच्या दारांना मेम्ब्रेन फिनिश, म्हणजे वरून ताणून बसवलेली पीव्हीसी फिल्म, ती नको. सततच्या उष्णतेने कडेने सुटते. लॅमिनेट, म्हणजे सनमायकाच, घ्या आणि चारही कडांना मशीनने लावलेलं एज बँडिंग, म्हणजे कच्ची कड झाकणारी पट्टी, मागा.

मापं प्रत्येक बॉक्सची वेगळी घ्यायला लावा. जुन्या बिजागऱ्या परत वापरू नका, आणि नव्या घेताना दार बॉक्सची कड पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं की आत बसतं ते बघून घ्या, तिन्हींची बिजागरी वेगळी असते.

ओलीभिंत:
खूप आभार सगळ्यांचे, दुसऱ्या सुतारांना उद्याच फोन करते. जाता जाता एक, फ्रिजच्या बाजूला कपाटाची उघडी बाजू दिसते, ती जुन्याच रंगाची राहिली तर?

निमूट:
दारातून शिरल्या शिरल्या दिसेल. त्या बाजूवर शटरच्याच सनमायक्याची वेगळी फळी बाहेरून स्क्रूने लावून घ्या, आणि कपाटांखालची जमिनीलगतची पायपट्टीसुद्धा. दोन्ही कोटेशनमध्ये आत्ताच लिहून घ्या, नंतर "ते वेगळं" म्हणतात. आणि फ्रिजला जागा पुरते ना ते बघा, फळीची जाडी तिकडून जाणार.