'पठाण' पाहून मले काहीच काऊन नाही वाटलं?

जागल्या (ता. दारव्हा)
राजेहो, माह्यं काही चुकते का सांगा. 2023 च्या 25 जानेवारीले 'पठाण' आला तवा गावातले पोट्टे गाडी करून यवतमाळले गेलते. मी नाही गेलो, हरभरा घाट्यावर होता. यंदा भाच्यानं मोबाइलवर लावून देल्ला, तर जागलीवर मचाणीत बसून पाह्यला.

वाईट नाही म्हणत. शाहरुख आवडते मले. पण सिनेमा सरला, टॉर्च मारून वावर पाह्यलं अन् डोक्यात काहीच राह्यलं नाही.

आता हे पाहा. रोही, म्हंजे नीलगाय, रातच्या तीन-साडेतीनले येते, आपला डोळा लागायच्या टाइमले. एकदम नाही घुसत थो. धुऱ्यावर उभा राह्यते, कान हलवते, अर्धा घंटा नुसता पाह्यते. आपण बिडी विझवतो, खोकला दाबतो. त्याले आपला वास, आपल्याले त्याची सावली. त्या अर्ध्या घंट्यात पोटात जे कालवते, तेच मले हेराच्या सिनेमात पाह्यजे होतं. इथं हेर लपतेच कुठं? जिथं जाते तिथं हेलिकॉप्टर.

जिम, सिनेमातला व्हिलन, मात्र पटला. आपल्याच खात्याचा माणूस, पोटुशी बायको मारली गेली, सरकारनं खंडणी देल्ली नाही. त्याच्या रागाले बूड हाय. हिरोचा राग नुसता ड्युटीचा.

रेल्वेत टायगर, म्हंजे सलमानचा हेर, मदतीले येते, दोघं मार खाऊन दुखण्याची गोळी वाटून खातात, थे बेस्ट. पण त्याच धडाधडीत दोन रोही हरभऱ्यात शिरले, मले पत्ताच नाही. सकाळी चार तासं साफ.

थेटरपागल (पुसद)
भाऊ, मोबाइलवर पाह्यला, घोळ तिथंच झाला. 'झीरो' आला 2018 च्या डिसेंबरात, मंग चार वर्षं हिरो म्हणून एकही पिक्चर नाही. 57 वर्षांचा माणूस केस मोकळे सोडून उभा राह्यला, आमच्या रांगेतल्या काकाजीनं खिशातली चिल्लर फेकली. हे जत्रा हाय. जत्रेत कोणी जागल करते का?

मास्तरीण (घाटंजी)
जागल्या दादा, तुमचं पटलं. मला अडकवलं ते रक्तबीजानं, म्हणजे सिनेमातल्या देवीच्या रोगाच्या बदललेल्या विषाणूनं. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते, ती आरशात फार बघायची नाही. जगातून देवी गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं. विषाणू उरला तो अमेरिका आणि रशियातल्या दोन प्रयोगशाळांत. तो कुणी मुद्दाम बाहेर काढला तर, ही भीती डिंपल कापडियाच्या प्रसंगात खरंच अंगावर येते. पण लगेच दोघं पाठीला पंख लावून आभाळात मारामारी करतात, आणि गेली आजी विसरून.
'राझी' बघा, 2018 चा. 1971 च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घरात सून होऊन गेलेली पोरगी. सासरचा जुना नोकर तिच्यावर नजर ठेवून असतो. तुमचा धुऱ्यावरचा रोही तोच.

तूरवाला (आर्णी)
सिनेमाचं जाऊ द्या भाऊ. कुंपणाले करंट देणारी झटका मशीन नव्हती का?

जागल्या
होती ना. बॅटरी बसली होती. चार्जिंगले घरी नेली अन् त्याच रात्री हे.
थेटरपागल भाऊ, चिल्लर फेकाले मीबी आलो असतो, पण हरभऱ्याले कोण सांगन?
ताई, 'राझी' आज लावतो. हेडफोन एकाच कानात.