राख, टॉवर आणि लोणचं: परवाच्या 'इंदूर सोडा' पोस्टला उत्तर

रामबागकर
परवा 'गच्चीतली तुळस' यांनी इथे लिहिलं की जवळच्या पीथमपूरला भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडातल्या युनियन कार्बाइड कारखान्याचा विषारी कचरा जाळल्यापासून इंदूर राहण्यालायक उरलं नाही, राख वाऱ्यावर येते, डोक्यावर मोबाईलचा टॉवर, ज्यांना जमेल त्यांनी मुलाबाळांना घेऊन पुण्याला जावं. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

एक तर पुणे. तिथे काय हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गुलाबपाणी शिंपडतात का? असो. कचरा ३३७ टन होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भरून निघाला, आधी दहा-दहा टनांच्या तीन ट्रायल झाल्या, मग उरलेला जाळून जूनअखेर संपला. विषय संपला. पीथमपूरला चाळीस वर्षं कारखाने आहेत, रोज चिमणीतून धूर निघतोय, तेव्हा कुणी पुण्याचं तिकीट काढलं नाही. 'भोपाळ' हे नाव चिकटलं आणि सगळ्यांची घाबरगुंडी उडाली.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. राख येईल म्हणून खिडक्या गच्च बंद, आणि आत रात्रभर मच्छरची कॉईल! २००३ च्या एका अभ्यासात मोजलंय, एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगरेटींइतका बारीक धूर सोडते. खिडकी लावून!! बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०१३ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतातच अशांत टाकलं, तंबाखूच्या पंगतीत. टॉवर-मोबाईलच्या लहरी त्याच संस्थेच्या यादीत २बी गटात आहेत, जिथे लोणचंसुद्धा आहे. तेव्हा टॉवर काढायचा असेल तर आधी घरातली बरणी फेका.

गच्चीतली तुळस
भाऊ, 'येते' नव्हतं लिहिलं, 'येऊ शकते' लिहिलं होतं. नीट वाचत जा.

माझी मावशी १९८४ ला भोपाळला स्टेशनजवळ राहायची. डिसेंबरात इंदूरला आमच्याकडे आली तेव्हा डोळे उघडत नव्हते, आई ओल्या फडक्याने पुसायची. तिला तिथे कुणीतरी सांगितलेलं की डोळे धुवा, दोन दिवसात बरं वाटेल. ती पुढे अठरा वर्षं धापा टाकत जगली. मी शाळेत होते, तिच्या श्वासाचा आवाज मला आजही झोपेत येतो. म्हणून 'भोपाळ नाव चिकटलं' असं जे हसत लिहिलंत ना, ते जरा जपून.

आणि कॉईल मी माझ्या हाताने लावते, मला वाटलं तर मीच विझवते. तो कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता, हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवडे दिले तेव्हा हलला, आणि हलला तो थेट आमच्याकडे, रात्रीच्या अंधारात, पोलीस बंदोबस्तात. पीथमपूरच्या लोकांना विचारलं का कुणी? दोन जणांनी अंगावर काही ओतून पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, ते काय हौसेने?

भट्टीवाले काका
अठ्ठावीस वर्षं प्लँटवर काढलीत, रिटायर झालो, म्हणून दोघांनाही सांगतो.

रामबागकर, 'विषय संपला' हे चूक. जाळल्यावर जे उरलं ते मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरलं, कारण चुना वगैरे मिसळावा लागतो. पारा जळत नाही, तो फिल्टरमध्ये नाहीतर राखेत जायला हवा, हवेत जाऊन बसला नाही म्हणजे मिळवलं. आता प्रश्न धुराचा नाही, राख पुरायच्या खड्ड्याचा आहे, त्याचं अस्तर पन्नास वर्षं टिकतं का हा आहे.

तुळसताई, तुमचंही चूक. क्लोरीनवाला माल जाळला की डायॉक्सिन नावाच्या विषाचं भय असतं, पण ते मुख्यतः धूर गार होताना तयार होतं, साधारण २०० ते ४५० डिग्रीच्या टप्प्यात, म्हणून तो टप्पा झटक्यात ओलांडायला धूर एकदम थंड करतात. ट्रायलला तासाला १३५ किलो, मग १८०, मग २७० असं चढवत नेलं ते त्यासाठीच, प्रत्येक वेगाला काय बाहेर पडतं ते बघायला. भट्टी नीट चालली तर तुमच्या गच्चीपर्यंत येणारं फार काही नाही. नीट चालली तर. मी ज्या प्लँटवर होतो तिथे इन्स्पेक्शनच्या दिवशी भट्टी फार सुरेख चालायची.

आजीची बरणी
बाकी तुमचं चालू द्या. लोणच्याचं नाव काढायचं काय काम होतं?

रामबागकर
बघा, ह्यालाच म्हणतात परसेप्शन. राखेवर सहाशे शब्द लिहिले तर कुणाला काही नाही, लोणच्याला हात लावला तर लगेच.

आजीची बरणी
लगेचच. कारण तुम्ही अर्धवट वाचून ठोकून दिलंय. त्या यादीत जे आहे ते पूर्व आशियातल्या पद्धतीचं, चीन-जपान-कोरियाकडे भाज्या मिठात आंबवून महिनोनमहिने ठेवतात ते. आपलं कैरीचं, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, वर चार बोटं तेल, ते त्यात नाही. आणि २बी म्हणजे धोका केवढा ते नाही सांगत, पुरावा केवढा ते सांगतात. 'असू शकेल' एवढंच. हे तुम्हाला टॉवरच्या बाबतीत माहितीय, लोणच्याच्या बाबतीत विसरलात!

रामबागकर
मान्य, मान्य. कैरी निर्दोष सुटली. पेढे वाटा.

मालवी मिरची
चार बोटं तेल कोणतं पण? आजकाल रिफाइंड घालतात, तेही प्लास्टिकच्या डब्यात. खरा धोका तो आहे. आमच्याकडे घाणीचंच मोहरीचं तेल आणि चिनी मातीची बरणी, वर दादरा.

आजीची बरणी
मोहरीच्या तेलाचं लोणचं हे तुम्ही लोकांनी इथल्या शेजाऱ्यांकडून उचललंय, आमच्या घरी अजून शेंगदाण्याचं. इंदूरच्या मराठी घरातून आपली चव जात चाललीय त्यावर कुणी धागा काढणार का?

मालवी मिरची
आली का प्रवचनं. चार पिढ्या होळकरांच्या गावात काढल्या तर शेजाऱ्याचं तेल लागणारच ना भिया! सकाळी पोह्यावर सेव-जिरावण घालता ना, की ते पण परत करणार?

आजीची बरणी
पोह्यांना मध्ये आणू नका.

लिफ्टवाला चेअरमन
तेल-तूप बाजूला ठेवा, टॉवरवर मला बोलायचंय, तीन वर्षांची जळजळ आहे. आमच्या गच्चीवर टॉवर होता, त्याच्या भाड्यात लिफ्टचा मेंटेनन्स निघायचा. कुठूनतरी व्हिडिओ आला, चिमण्या मरतात, बायकांना डोकेदुखी, मीटिंगमध्ये मला जवळजवळ खुनी ठरवलं. मी बोललो की आपल्याकडे २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा भाग आहे, कोण ऐकतंय. काढायला लावला. आता लिफ्टचे पैसे द्यायला कुणी तयार नाही, आणि ज्या वहिनींनी सह्या गोळा केल्या त्या रोज संध्याकाळी बाल्कनीत वाकून 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' करत असतात. रेंज कमी असली की हातातला फोनच जोर लावून लहरी सोडतो, म्हणजे कानाला आधीपेक्षा जास्तच. पडतील कधीतरी बाल्कनीतून, तो धोका मोजा.

गच्चीतली तुळस
त्या वहिनी इथे वाचत असतील. आणि मीटिंगमध्ये तुम्ही 'तुम्हा बायकांना विज्ञान काय कळतंय' म्हणालात ते पण लिहा ना.

लिफ्टवाला चेअरमन
म्हणजे तुम्ही आमच्याच… बरं. रागात बोललो होतो.

गच्चीतली तुळस
तेच तर. भाडं किती, करार किती वर्षांचा, हे आधी दाखवलं असतं तर अर्ध्या बायका सही करायच्या नाहीत. तुम्ही परस्पर बसवला, मग आम्ही व्हिडिओ नाही तर काय बघणार.

तिसरी गल्ली
शंभर कमेंटी राखेवर आणि तेलावर झाल्या तरी कुणी पाण्याचं नाव नाही काढलं म्हणून लिहितो. २०२५ च्या डिसेंबरअखेर आपल्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात ड्रेनेज पिण्याच्या लाइनीत मिसळलं आणि माणसं गेली, लहान लेकरू सुद्धा. भोपाळचं विष नव्हे, डायॉक्सिन नव्हे, नळ. स्वच्छतेत आठ वेळा देशात नंबर एकचं शहर. रस्ता झाडलेला दिसतो म्हणून आपण खूश, जमिनीखालचा पाइप कुणाला दिसतोय. यशवंत सागर तलावात राख उतरेल का यावर माझ्या ऑफिसात रोज चर्चा व्हायची, आणि तेच लोक घरी नळाचं पाणी न उकळता पीत होते. मीही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाणी वास मारायचं, आम्ही तुरटी फिरवून भागवलं. पोराला कावीळ झाली, दीड महिना शाळा बुडली, परीक्षा गेली. बायको अजून म्हणते की बाहेरची पाणीपुरी खाल्ली म्हणून झालं.

रामबागकर
भाऊ, पोराचं वाईट वाटलं. पण मी तरी दुसरं काय सांगत होतो? दूरच्या भुताला घाबरायचं आणि रोजच्या नळाकडे बघायचं नाही.

गच्चीतली तुळस
नाही, तुम्ही हे सांगत नव्हता. भागीरथपुऱ्यातले लोक आधीपासून सांगत होते की पाण्याला वास येतोय. त्यांनाही असंच म्हटलं असणार, घाबरताय उगाच, परसेप्शन आहे. मग तुमचे ते कॅन्सरचे गट बघत बसायचं का? ज्याच्या नाकाला वास येतो त्याला आधी विचारा.

रामबागकर
नाकाला कॉईलचा धूर सवयीने येत नाही ताई, तेवढं सांगून थांबतो. वासाचं मात्र कबूल. 'भोपाळ नाव चिकटलं' हे पण मागे घेतो, मावशींचं माहीत नव्हतं. पुणे मागे घेणार नाही.

भट्टीवाले काका
तिसरी गल्ली, पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी खळखळू द्या. तुरटीने गाळ बसतो, काविळीचा जंतू नाही. आणि पाण्याची टेस्ट करून घ्या, नुसता टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा बघू नका, त्यात ड्रेनेज कळत नाही. आरओ विकणारे तोच आकडा दाखवतात.

मालवी मिरची
आमच्याकडे परवाच टीडीएस दाखवून बावीस हजाराचा बसवून गेला 😐

दुसरा माळा
रामबागकर, ते खिडक्या बंद करणारे काका म्हणजे मी. इथे वाचतो मी, तुम्हाला माहीत नसेल. परवा रात्रीपासून कॉईल बंद केली आणि खिडकी उघडली. दोन रात्री झोप नाही, हिला पायभर डास चावलेत. गेल्या वर्षी हिला डेंगू झाला होता, प्लेटलेट वीस हजारावर आलेल्या, म्हणून कॉईल लावत होतो, राखेचं मी गमतीत बोललो होतो. आता सांगा, काय करू?

रामबागकर
काका, सॉरी. डेंगूचा डास दिवसा चावतो खरा, पण ते राहू दे. खिडकीला जाळी लावून घेऊ, माप मी घेतो. तोवर आमच्याकडे एक जुनी मच्छरदाणी पडलीय, कोपऱ्यात थोडी फाटलीय, संध्याकाळी आणून देतो.

आजीची बरणी
येताना त्यांच्याकडे बरणी असेल तर फेकायला नेऊ नका.