धारपांच्या कथेत समर्थ आले की भीती का ओसरते?

काठावरचा वाचक (बडोदे):

मी सराईत वाचक नाही, त्यामुळे पुढील मजकूर समीक्षा म्हणून वाचू नये. आमच्या घरात चरित्रे आणि नाटके काचेच्या कपाटात असत आणि रहस्यकथा, भयकथा वगैरे पुस्तके गादीखाली, म्हणून ती वाचायची राहून गेली. या उन्हाळ्यात मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणि काही स्नेह्यांकडून बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर आणि रत्नाकर मतकरी यांची काही पुस्तके आणून वाचली. अनुभव आनंदाचा होता, पण एक कोडे मागे उरले आहे आणि जाणकारांनी ते उलगडावे अशी विनंती आहे.

धारप भीती फार संयमाने उभी करतात. एखादा चारचौघांसारखा मनुष्य, वारसाहक्काने आलेले घर, व्यवहारी बोलणे, आणि मग कुठेतरी एखादा वास, एखादी थंड झुळूक, एक बंद राहिलेली खोली. निवेदक स्वतः शहाणा असल्यामुळे तो जेव्हा दचकतो तेव्हा आपणही दचकतो. मात्र समर्थ या त्यांच्या मालिकेतील नायकाच्या, म्हणजे अमानवी शक्तींचा बंदोबस्त करणाऱ्या जाणकाराच्या, कथांमध्ये एका टप्प्यावर समर्थ येतात, सर्व ऐकून घेतात, हा प्रकार नेमका कशाचा आहे ते सांगतात, आणि माझ्यापुरती भीती तिथेच संपते. पुढची पाने मी वाचतो ती केवळ कुतूहलाने.

याउलट अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार याला काहीही होणार नाही हे मला पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरीही पुस्तक हातातून सुटत नाही. शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास खटला हरणार नाही, हेही ठाऊक असते. मग नायकाच्या अजिंक्यपणाने एका ठिकाणी रस टिकावा आणि दुसऱ्या ठिकाणी तो आटावा, असे का होते? दोष माझ्या वाचनाचा आहे की कथेच्या बांधणीचा?

रावपुरेकर:

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मते बांधणीतच आहे. झुंजार किंवा अर्नाळकरांचेच दुसरे नायक काळापहाड, धनंजय यांच्या कथेत आपण आरंभापासून नायकाच्या बाजूला उभे असतो. तो सुटणार हे गृहीतच असते. कसा सुटणार आणि खलनायकाचे नाक कसे कापले जाणार, एवढाच प्रश्न असतो. धारपांच्या कथेत मात्र पहिला अर्धा भाग आपण त्या पछाडलेल्या माणसाच्या कातडीत बसून काढतो. समर्थ आल्यावर कथेचा भार त्या माणसावरून समर्थांवर सरकतो आणि आपण आतून बाहेर येतो. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला भीती वाटत नाही, त्याला कौतुक वाटते.

आणखी एक सुचवतो. समर्थांच्या कथा भयकथा म्हणून न वाचता गुप्तहेरकथा म्हणून वाचून पाहा. अडचणीत सापडलेला माणूस येतो, हकीकत सांगतो, जाणकार जागेची पाहणी करतो, जुने पाप शोधून काढतो आणि बंदोबस्त करतो. गुन्हेगाराच्या जागी अमानवी शक्ती आहे इतकेच. हा घाट धारपांच्याही आधीचा आहे. इंग्रजीत अल्जर्नन ब्लॅकवुड यांचा जॉन सायलेन्स १९०८ साली अवतरला आणि विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी त्यानंतर थोड्याच काळात. दोघेही भुताखेतांच्या प्रकरणांचा तपास करणारे. त्या कथांमध्येही तपास करणारा आला की भीती उणावते, आणि तपासाची पद्धत किती नवी आहे यावर पुढचा रस ठरतो. धारपांचे कौशल्य असे की बंदोबस्ताची रीत ते आपल्याला परिचित वाटेल अशा साधनेच्या, मनोबलाच्या भाषेत मांडतात, त्यामुळे परकेपणा जाणवत नाही.

जुना सभासद:

वरील विवेचन पटले तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. भीती ओसरणे हा त्या कथांचा दोष नसून तोच त्यांचा हेतू आहे, असे माझे मत आहे.

ही पुस्तके आम्ही कशी वाचली ते लक्षात घ्यावे. फिरत्या वाचनालयातून पुस्तक भाड्याने यायचे, घरातील सर्वांचे वाचून झाल्यावर सकाळी ते परत करायचे, म्हणजे वाचन रात्रीच आणि एका बैठकीत. शेवटच्या पानानंतर दिवा मालवून, अंगण ओलांडून, मागच्या दारी जाण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला समर्थांचे महत्त्व मी सांगायला नको. भीतीचे देणे लेखकाने त्याच रात्री चुकते करावे, अशी वाचकाची अपेक्षा असे आणि धारप ती पुरी करत. आज दिव्याच्या झगझगाटात, मोबाइल उशाशी ठेवून वाचणाऱ्याला हा दिलासा अनावश्यक वाटणार, हे मान्य आहे. पण म्हणून कथेची बांधणी फसली असे म्हणता येणार नाही.

अर्नाळकरांबद्दलही असेच. त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, दुसरे रहस्यकथाकार गुरुनाथ नाईक यांच्या पुस्तकांची संख्या बाराशेच्या आसपास सांगतात. एवढ्या संख्येने लिहिणाऱ्याकडून प्रत्येक वेळी नवी भीती आणि नवा धक्का मागणे हे वाचकाचेच अज्ञान ठरेल. आम्ही धक्का मागत नव्हतो, आम्हाला झुंजार भेटायला हवा होता.

सुरसागर:

चर्चेत एक भर घालते. मी बडोद्यातच वाढले, घरी मराठी आणि बाहेर गुजराती, त्यामुळे दोन्ही भाषांतील असली पुस्तके एकाच वयात वाचली. गुजरातीत हरकिसन महेता ‘चित्रलेखा’ साप्ताहिकाचे संपादक होते आणि त्यांच्या कादंबऱ्या त्याच अंकातून आठवड्या-आठवड्याला प्रसिद्ध होत. अश्विनी भट्टांनी अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या थरारकथा गुजरातीत आणल्या आणि पुढे स्वतःच्या जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत रहस्यकथा म्हणजे हातात मावेल असे छोटे पुस्तक, आणि गुजरातीत मात्र उशीला पर्याय व्हावा असा ग्रंथ, असे माझ्या लहानपणी सरळ समीकरण होते.

हा फरक केवळ पानांचा नाही. आठवड्याच्या हप्त्याने चालणाऱ्या कथेत लेखकाला माणसे बिघडवायला, बदलायला सवड मिळते. महेतांचे नायक पाहा: जग्गा डाकू, अमीर अली ठग. पैकी अमीर अली तर मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या इंग्रजी पुस्तकातून आलेला, गळ्याला रुमाल आवळणारा ठग. अशा नायकाचे भले होईल की वाईट, आणि भले व्हावे असे आपल्याला वाटावे की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नाही. झुंजारचे तसे होऊ शकत नाही, कारण पुढच्या पुस्तकासाठी तो धडधाकट परत यायला हवा. समर्थांचेही तेच. मालिकेचा नायक जखमी होऊ शकतो, पण तो बदलू शकत नाही, आणि काठावरच्या वाचकांना जे खटकते आहे ते बहुधा हेच असावे. रावपुरेकरांनी भार सरकण्याचा मुद्दा मांडला तो बरोबर आहे, पण तो भार ज्याच्यावर सरकतो तो मालिकेचा माणूस आहे, म्हणून ते इतके जाणवते.

‘जुना सभासद’ यांच्या दिलाशाच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. फक्त एवढेच की महेतांची प्रकरणे वाचून आमच्या घरातील बायका आठवडाभर अस्वस्थ असत आणि तरीही पुढच्या अंकाची वाट पाहत. दिलासा हवाच असतो असे नाही.

काठावरचा वाचक (बडोदे):

सर्वांचे आभार. रावपुरेकरांनी सांगितल्याप्रमाणे समर्थांची एक कथा गुप्तहेरकथा म्हणून पुन्हा वाचली आणि ती या वेळी अधिक आवडली, विशेषतः हकीकत ऐकताना समर्थ कोणते प्रश्न विचारतात तो भाग, जो पहिल्या वाचनात मी घाईने ओलांडला होता. तथापि भीती हवी असेल तर काय वाचावे, हा प्रश्न उरतोच. मतकरींच्या कथा मला अधिक बोचल्या, पण त्याचे कारण सांगता येत नाही.

रावपुरेकर:

मतकरींच्या कथेत सोडवणारा कोणी येत नाही, हे पहिले कारण. दुसरे असे की ते मुळात नाटककार. त्यांच्या कथेतील माणसे बोलता बोलता उघडी पडतात आणि बरेचदा वाईट शक्ती बाहेरून आत येत नाही, ती घरातच, एखाद्याच्या मत्सरात किंवा अपराधभावात बसलेली असते. तिचा बंदोबस्त करायला समर्थ आले तरी त्यांनी नेमके कोणाला बाहेर काढायचे?

धारपांचेही असे लेखन आहे, म्हणून त्यांना समर्थांवरून तोलू नये. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या रक्तपिपासूंच्या कादंबरीवर बेतलेली आहे. किंगच्या मूळ पुस्तकात एक संपूर्ण गाव हळूहळू हातचे जाते, आणि तसे कथानक निवडतानाच लेखकाने दिलाशाचा मार्ग बराच अरुंद करून घेतलेला असतो. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. तिथे हस्तर हा शापित देव आहे, लोभ आहे आणि वाचवायला कोणीही नाही. तो चित्रपट पाहून धारपांकडे वळलेले तरुण समर्थांच्या कथांनी निराश होतात असा माझा अनुभव आहे. त्यांनी चुकीच्या टोकाने सुरुवात केलेली असते.

जुना सभासद:

एवढे मी मान्य करतो की मतकरी वाचून मागच्या दारी जाणे कठीणच होते.

सुरसागर:

पुस्तके कोठे मिळतील याबद्दल: धारपांची अनेक पुस्तके साकेत प्रकाशनाने पुन्हा छापली आहेत, त्यामुळे जीर्ण प्रतींच्या मागे धावण्याची गरज नाही. याच प्रकारचे नवे लेखन हवे असल्यास ‘धनंजय’ दिवाळी अंक पाहावा. त्यात रहस्य, भय आणि विज्ञान या तिन्ही प्रकारच्या कथा असतात आणि त्या एकट्या कथा असल्यामुळे मालिकेच्या नायकाची अडचण तिथे सहसा येत नाही. अश्विनी भट्ट गुजरातीतून वाचता येत असतील तर ‘आशका मांडल’पासून आरंभ करावा, मात्र हाताशी मोठी सुट्टी हवी. अर्नाळकर ओळीने वाचू नका. दोन पुस्तकांच्या मध्ये दुसरे काही वाचले, तरच झुंजारच्या प्रवेशाची गंमत टिकते.