सरसकट "नाकातूनच काढा" म्हणणाऱ्यायले

वऱ्हाडी_ठेचा :
काल इथं एकानं ठोकून देलं, कवटी-मानेच्या जोडावरची गाठ आता दुर्बिणीनं नाकातूनच निघते, मागून मान फाडणाऱ्या डॉक्टरकडे जाऊच नका. डोकं फिरलं वाचून. अबे, गाठ हाय कुठं ते तं पाय आधी! कॉर्डोमा नावाची गाठ हाडातून वाढते, कॉर्डच्या (मानेतल्या मज्जारज्जूच्या) समोर, तिथं नाकातून जाणं बरोबर. पण मेनिन्जिओमा म्हणजे मेंदू-कॉर्डच्या आवरणाची गाठ, ते आवरणाच्या आत. नाकातून गेलं तं ते आवरणच फाडा लागते, मंग मेंदूचं पाणी नाकातून गळाची भीती, मेनिन्जायटिसची, म्हणजे आवरणाले सूज याची भीती. म्हणून कानामागून, बाजूनं जातात, त्याले इंग्रजीत "फार लॅटरल" म्हणतात. गाठीनं कॉर्ड ढकलून वाट करूनच ठेवली रायते. माह्या मोठ्या मायचं तसंच झालं, आज चुलीपाशी बसून भाकरी टाकते.

बंडीवाला :
बाजूनं म्हणजे काय हलवा हाय का? व्हर्टिब्रल आर्टरी, मेंदूले रक्त नेणारी धमनी, तिथंच पहिल्या मणक्यावरून वळण घेऊन आत शिरते. काँडाइल, म्हणजे कवटी मणक्यावर टेकते ते हाड, जास्त घासलं की मान ढिली, मंग रॉड टाकून बांधा लागते. माह्या साळ्याले कवटीपासून बांधलं, बंडी मागं घ्याची तं अख्खा माणूस वळते, मान नाई वळत.

वऱ्हाडी_ठेचा :
रॉडले नावं ठेवू नको. पहिल्या-दुसऱ्या मणक्याचं स्क्रू-प्लेटचं काम आपल्या मुंबईच्या डॉ. अतुल गोयलनं 1994 मध्ये छापलं, जगभर करतात.

बंडीवाला :
ते एक-दोनचं. हा कवटीपासून हाय म्हटलं ना. वाचत जा.

तुरीचं_वरण :
तुमी दोघं नाकातून का कानातून भांडत बसा. कळली कधी ते सांगा? आमच्या काकूले आठ महिने "मान धरली" म्हणून चोळणाऱ्यानं चोळलं. कापूस वेचताना बोंडाचं टोक बोटाले टोचलेलं कळे नाई, कापूस लाल झाला तवा दिसलं. आधी उजवा हात, मंग उजवा पाय, मंग डावा पाय, मंग डावा हात, घड्याळाच्या काट्यासारखी ताकद जात गेली. अन् तो चोळून रायला!

मोहाचं_फूल :
चोळणाऱ्यालेच धरा बरं. एमआरआय 110 किलोमीटरवर, जाणं-येणं धरून दोन दिवसाची मजुरी बुडते, तो 50 रुपयात रात्री दहालेही दार उघडते. माही कंबर त्यानंच बसवली.

तुरीचं_वरण :
कंबर अन् मान एक हाय काय बे? हातातली वस्तू पडत असन त्या माणसाची मान कोणी मोडली तं तिथंच खेळ खलास होऊ शकते. तुले 50 रुपये दिसतात.

मोहाचं_फूल :
अन् आमच्या इथल्या डिग्रीवाल्यानं काय केलं? तोही दोन महिने गॅसच्या गोळ्या अन् मानेचा पट्टाच देत होता. त्याले बोल ना. का त्याचा पांढरा कोट दिसते?

तुरीचं_वरण :
...बरं. तोही तेवढाच गाढव. झालं समाधान?

बंडीवाला :
ठेचा, मोठ्या मायले गिळाचा त्रास नाई झाला का? गिळाच्या अन् आवाजाच्या नसा तिथंच असतात ना.

वऱ्हाडी_ठेचा :
झाला. तीन हप्ते नाकातल्या नळीतून मुगाचं पाणी, आवाज अजूनही घोगरा हाय. लिहाचं राहून गेलं.

बंडीवाला :
राहून गेलं म्हणे! भाकरीचं बरं ध्यानात रायलं.